स्टुडिओच्या पीसीवर आत्ता विंडोज ११ टाकू का भीमजयंती होईपर्यंत थांबू?

हलगी_अन_पेटी

नमस्कार मंडळी, जुळे सोलापुरात घरीच वरच्या खोलीत छोटा स्टुडिओ आहे माझा. भीमगीतं, देवीची गाणी, आषाढीच्या आधी थोडे अभंग असं काम असतंय. पीसी २०१८ चा आहे, आय७ ८७००, १६ जीबी रॅम, विंडोज १०, आणि क्युबेस ८.५ (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) वर काम करतो कारण माझे हलगी, दिमडी, तुणतुण्याचे सगळे सॅम्पल (मी स्वतः दोन वर्ष बसून रेकॉर्ड केलेत) एका जुन्या ३२ बिट सॅम्पलरमधे (सॅम्पल वाजवायचं प्लगइन) आहेत आणि क्युबेस ९ पासून ३२ बिट प्लगइन बंद झाले म्हणून मी पुढं गेलोच नाही.

आता झालंय असं की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि रोज स्क्रीनवर मेसेज यायलाय. चेक करायचं ॲप टाकून बघितलं तर तुमचा पीसी विंडोज ११ ला चालत नाही म्हणतंय. भाचा म्हणतोय मामा नवीन पीसीच घ्या, दुकानात विचारलं तर साठ हजाराच्या वर सांगितलं. हातात नऊ भीमगीतं आहेत, बुधवार पेठेतल्या पोरांचा ग्रुप आहे, चार मिक्स झालीत, तीन गाण्यांचा व्होकल बाकी आणि दोन गाण्यांची हलगी अजून घ्यायचीय. मार्च संपायच्या आत द्यायचीत. ऑडिओ इंटरफेस (माइक पीसीला जोडायचं यंत्र) आठ चॅनलचा यूएसबी, त्याचा ड्रायव्हर कंपनीनं किती वर्षात अपडेट केलेला नाही.

पीसीवर नेट चालू असतं कारण गाणी पाठवायला लागतात. सिक्युरिटीचं खरंच एवढं आहे का? काय करू?

बाळीवेस_बँजो

मालक आत्ता हात लावू नका, हात जोडून सांगतो.

मी २०२२ ला पितृपक्षात अपग्रेड केलं. वाटलं लग्न-वास्तुशांत काही नाही, निवांत दिवस आहेत. पण देवीच्या गाण्यांचं खरं काम तेव्हाच असतंय हे डोक्यातच आलं नाही. अपग्रेड झालं आणि इंटरफेस दिसायचाच बंद. दुसऱ्या दिवशी तुळजापूरहून सहा बायका कोरसला आलेल्या, एसटीनं, त्यातल्या एका मावशीकडं तर तान्हं लेकरू होतं. दुपारी तीनपर्यंत मी ड्रायव्हर काढतोय टाकतोय, शेवटी चहा पाजून परत पाठवलं. त्या मावशी काही बोलल्या नाहीत पण मला आजपण ते आठवलं की वाईट वाटतं. दहा दिवसाच्या आत परत विंडोज १० वर जाता येतं हे मला माहीत होतं म्हणून वाचलो, सेटिंगमधे रिकव्हरीत गो बॅक आहे ते केलं.

पोरांची गाणी आधी द्या.

चोवीस_ट्रॅक

माझ्याकडं अजून विंडोज ७ आहे, २०१२ पासून तोच पीसी. नेटची वायरच काढून टाकलीय. कसला अपडेट नाही, कसला मेसेज नाही, १२८ बफरवर (बफर लहान तेवढा आवाज लवकर येतो पण पीसीवर ताण जास्त) चोवीस ट्रॅक आरामात. स्टुडिओचा पीसी म्हणजे हार्मोनियमसारखा ठेवायचा, सूर लागलाय ना, मग भाता उघडून बघायचं नाही. पाठवायचं असलं की पेनड्राईव्हवर घ्यायचं आणि दुसऱ्या लॅपटॉपवरनं पाठवायचं.

सातरस्ता_मिक्स

चोवीस ट्रॅक अण्णा, तुमचं चालतंय त्याबद्दल आदर आहे, पण पेनड्राईव्ह हाच तर मोठा रस्ता आहे व्हायरसचा. गायक मंडळी ट्रॅक घेऊन येतात तो पेनड्राईव्ह आधी झेरॉक्सच्या दुकानात, बँडवाल्याच्या मिक्सरला, कुठं कुठं लावलेला असतो. माझ्याकडं एकदा असाच आला आणि फोल्डरच्या सगळ्या शॉर्टकट फाइली झाल्या. नेट काढलं म्हणजे सुटलो असं नाही.

आता हलगी भाऊ तुमच्याकडं येतो, जरा मोठं लिहितोय.

पहिलं म्हणजे नवीन पीसी घेऊ नका. आय७ ८७०० म्हणजे आठवी जनरेशन, ती विंडोज ११ च्या यादीत आहे. चालत नाही असं येतंय ते बहुतेक टीपीएम (सिक्युरिटीची चिप) बंद असल्यामुळं. बायोसमधे जा, इंटेलच्या बोर्डवर त्याला पीटीटी म्हणतात, ते चालू करा, सिक्युअर बूटपण लागतं. फक्त एक जपा, तुमची जुनी डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीची असली तर सिक्युअर बूटसाठी सीएसएम (जुन्या पद्धतीनं बूट करायची सोय) बंद केल्यावर विंडोज १० बूटच होणार नाही, तेव्हा घाबरू नका, बायोसमधे सीएसएम परत चालू केलं की होतंय. साठ हजार वाचले तुमचे, त्यात एक चांगला माइक येईल.

दुसरं, ३२ बिटचा घोळ बऱ्याच जणांचा होतो. विंडोज ११ स्वतः फक्त ६४ बिट आहे पण ३२ बिट प्रोग्राम त्यावर चालतात. अडवतंय ते क्युबेस, विंडोज नाही. क्युबेस ८.५ तुमचं आत ब्रिज करून (३२ बिट प्लगइन ६४ बिटला जोडून) चालवतंय, रीपर या दुसऱ्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधेपण तसा ब्रिज आहे. पण आज ना उद्या ते सॅम्पल बाहेर काढाच, एकेक ठोका वेव्ह फाइल करून ठेवा. दोन वर्षाची मेहनत एका बंद पडलेल्या सॅम्पलरच्या भरवशावर ठेवू नका, हे मला विंडोजपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

तिसरं लायसन्स. जुन्या क्युबेसचं लायसन्स ई-लायसन्सरवर (लायसन्स तपासायची यंत्रणा) असतं आणि ती सेवा २० मे २०२५ ला बंद झालीय. तुमचं यूएसबी डोंगलवर (पेनड्राईव्हसारखी लायसन्सची चावी) असेल तर ठीक, डोंगल दुसरीकडं लावला तरी लायसन्स त्यातच असतं. डोंगल हरवला किंवा मोडला तर मात्र परत मिळवायची सोय राहिली नाही, त्यामुळं कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा, पुढं लावलेला पाय लागून मोडतो. ई-लायसन्सरचा सेटअप आणि ड्रायव्हरचा सेटअप आजच कुठंतरी सेव्ह करून ठेवा.

आणि सिक्युरिटीचं म्हणाल तर विंडोज १० ला अजून अपडेट मिळतात, ईएसयू (सपोर्ट संपल्यावरचे जादा सिक्युरिटी अपडेट) म्हणून आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला की पैसे लागत नाहीत, २२एच२ व्हर्जन पाहिजे फक्त. म्हणजे भीमजयंतीच्या आत निर्णय घ्यायची काही घाईच नाही.

घाई नाही पण तारीख लक्षात ठेवा. यंदा घटस्थापना ११ ऑक्टोबरला आहे आणि ईएसयू संपतंय १३ ला. तोपर्यंत लांबवलं तर ऐन देवीच्या कामात सापडाल. गणपती १४ सप्टेंबरला. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून, लग्नं नाहीत, आषाढी पण पुढं २५ जुलैवर गेलीय, त्यामुळं तो महिना आपल्यासारख्यांना रिकामा असतोय. काम तेव्हा करा.

करताना पण आहे त्या डिस्कवर करू नका. एक वेगळी एसएसडी घ्या, २५० जीबीची पुरे, जुनी काढून ठेवा (केबलच काढा, नुसतं सोडू नका, नाहीतर बूटच्या फाइली जुन्या डिस्कवर जातात) आणि नवीनवर कोरं विंडोज ११ टाका. पटलं नाही तर केबल बदलली की तुमचं जुनं जसंच्या तसं. सेटअप झाल्यावर सॅम्पलची डिस्क जोडायच्या आधी डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावायची सोय) चालू झालंय का बघा, नवीन व्हर्जनमधे ते आपोआप चालू होतं. इंटरफेस दिसला नाही तर विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनमधलं मेमरी इंटिग्रिटी बघा, जुने ड्रायव्हर तिथं अडतात. आणि यूपीएसशिवाय सुरू करू नका, उन्हाळ्यात आपल्याकडं लाईटीचा भरवसा नाही.

पुण्यातला_सोलापूरकर

मॅकवाला आहे पण एक सांगतो, तुम्ही विंडोजवाले नशीबवान आहात की ३२ बिट अजून चालतंय. आमच्याकडं २०१९ ला मॅकओएसचं कॅटलिना व्हर्जन आलं आणि सगळे ३२ बिट ॲप एका रात्रीत गेले, ते चालवणारं मोहावी शेवटचं. आणि टाहो व्हर्जनमधे फायरवायरपण (जोडणीची जुनी पद्धत) काढून टाकलं, माझा जुना फायरवायर इंटरफेस त्यासाठी आधीच्या सेक्वोयावरच ठेवलेल्या मॅकला लावलाय, तो मॅक आता अपग्रेड करणार नाही. सातरस्ता म्हणतायत ते सॅम्पल वेव्ह करून ठेवायचं तेवढं नक्की करा, मी केलं नव्हतं आणि माझ्या एका तबल्याच्या बँकेला मुकलो.

हलगी_अन_पेटी

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलंत तसं केलं, राहवलं नाही म्हणून एक जुनी एसएसडी होती तिच्यावर रविवारी रात्री नुसतं करून बघितलं, खरी डिस्क काढून कपाटात ठेवली.

पीटीटी बंदच होतं. चालू केलं, विंडोज ११ व्यवस्थित बसलं. इंटरफेस आधी दिसला नाही, मेमरी इंटिग्रिटी बंद केल्यावर दिसला. क्युबेस डोंगलनं उघडलं, सॅम्पलरपण उघडला. मग मागच्या वर्षीचं सगळ्यात जड गाणं लावलं, ४८ हजार सॅम्पल रेटवर, आठ हलगीचे ट्रॅक आणि कोरस. विंडोज १० वर १२८ बफरला हे स्वच्छ वाजतं, इथं कडकड यायलीय. २५६ केल्यावर गेली. मिक्सला २५६ काय ५१२ पण चालतंय पण हलगीवाला कानात हेडफोन घालून वाजवताना २५६ ला पाच मिलिसेकंद जाताना आणि तेवढेच येताना, आणि हलगीचा ठोका असा टोकदार असतोय की त्याला लगेच कळतं, हात मागं राहिल्यासारखा होतो. वायफाय बंद करून बघितलं, थोडा फरक पडला, पूर्ण नाही.

म्हणून खरी डिस्क परत लावली, ईएसयू चालू केलं. अधिक महिन्यात वेगळा यूएसबी पोर्ट, वायफाय कार्ड काढून, बायोस अपडेट करून परत बघणार आणि तेव्हाही १२८ ला नाही जमलं तर साठ हजाराऐवजी इंटरफेस बदलायचा विचार करीन. सॅम्पल बाहेर काढायला कालपासून सुरुवात केलीय, दिमडीचे एकशे चाळीस ठोके झालेत.

सातरस्ता_मिक्स

पोर्ट बदलताना मदरबोर्डवरचा मागचा घ्या, हब नको. आणि पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर आहे का बघा, कोऱ्या विंडोजवर तो बॅलन्स्ड असतोय, कडकड त्यानं पण येते. लेटन्सीमॉन (आवाज कुठं अडतोय ते दाखवणारं ॲप) दहा मिनिटं चालवून कुठला ड्रायव्हर लाल दाखवतंय ते इथं टाका.

बाळीवेस_बँजो

हलगी कधी घेताय? माझ्याकडं दोन कंडेन्सर आहेत, लागले तर घेऊन जा.

हलगी_अन_पेटी

शनिवारी सकाळी दहाला येणार आहेत दोघं. संध्याकाळी हलगीचं कातडं उतरतं म्हणून सकाळीच घेतो. माइक लागतीलच दादा, शुक्रवारी येतो न्यायला.