प्रदर्शनातला स्टॉल : हातकाम करणाऱ्यांचे अनुभव

दिवाळीआधीची प्रदर्शनं तोंडावर आलीत. सोसायटीच्या हॉलपासून पुण्याच्या भीमथडी जत्रेपर्यंत कुठेही स्टॉल लावला असेल तर लिहा. ‘छान प्रतिसाद मिळाला’ एवढ्यावर सुटका नाही. माल, दर, मांडणी, कागदपत्रं, जे नेमकं माहीत आहे ते सांगा.

गोधड्या, दुपटी –
कोरं सुती कापड कापण्याआधी रात्रभर भिजवून वाळवायचं. आतलं जुनं लुगडं आधीच आटलेलं असतं, वरचं कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि धावदोऱ्यापाशी चुण्या पडतात. लाल, गडद निळा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळून बघा. डाग पडला तर तो फिक्या रंगाशेजारी नको. स्टॉलवर एक गोधडी पूर्ण उलगडून टांगा, मागची बाजूही दिसेल अशी. टाके दिसले की दर पटतो. घडी करून ठेवलेल्या गोधडीला लोक सोलापुरी चादरीच्या भावात मागतात!

मातीकाम –
रंगीत पणतीच्या चोचीपाशी अर्धा इंच माती कोरीच ठेवा, ॲक्रिलिक तिथे करपतं आणि वास मारतं. भाजलेली माती तेल पिते, मग बाहेरच्या रंगावर डाग फुटतात. मेण भरून विकलं तर ही भानगड नाही. मात्र थंड होताना वातीभोवती खड्डा पडतो, म्हणून थोडं मेण राखून दुसऱ्यांदा ओतायचं. खोक्यात पणत्या कडेवर उभ्या, मध्ये कागद. आडव्या थरांत खालच्यांचे काठ उडतात.

तोरणं –
दराचं गणित मांडते. साहित्य १४० रुपये, दोन तासांची मजुरी २००, पिशवी-लेबल १५, झाले ३५५. दोन दिवसांचं भाडं ३,००० आणि ३० तोरणं खपतील असा अंदाज, म्हणजे नगामागे आणखी १००. मग ५०० ला विकलं तरी भाडं विक्रीच्या २० टक्के. हे जड आहे. दोघींत टेबल घेतलं की नगामागे ५० च पडतात, ४५० ला विकूनही ४५ उरतात. बहुतेक जणी मजुरी धरतच नाहीत आणि शेजारच्या टेबलाचाही भाव पाडतात. घासाघीस झाली तर दर उतरवू नका, दोन तोरणांवर एखादं छोटं लटकन द्या.

कानातली –
प्रत्येक कार्डावर किंमत लिहा. विचारायला संकोचून लोक पुढे सरकतात. दोन आरसे, पिवळसर एलईडी आणि पाच मीटरची वायर सोबत हवीच, कारण प्लग हमखास शेजाऱ्याच्या टेबलामागे असतो. तळघरातल्या हॉलमध्ये रेंज आधी तपासा. ‘पैसे गेले’ असा स्क्रीनशॉट दाखवला तरी खात्यात जमा झाल्याशिवाय वस्तू द्यायची नाही.

गोव्याला माल नेणाऱ्यांसाठी –
सरकारने अधिसूचित केलेल्या यादीतला हस्तकलेचा माल असेल आणि उलाढाल मर्यादेत असेल तर जीएसटी नोंदणीशिवायही परराज्यात विकता येतो. पण पॅन आणि ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन काढायचा दाखला) लागतं, माल पाच हजारांचा असला तरी. पन्नास हजारांच्या आतली सूट इथे चालत नाही. टेंपो निघण्याआधीच बिल काढा.