भुसावळ जिल्हा हवा म्हणून सिंधुदुर्गाचं उदाहरण देऊ नका

गिरणेचा गाळ

गेल्या आठवड्यापासून एकच पोस्ट फिरतेय. माझ्याकडे ती मामांकडून आली, शालकाकडून आली, शेवटी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीनेही टाकली. मजकूर थोडक्यात असा: सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सुटला, आणि मग रेल्वे आली, पर्यटन जिल्हा झाला, विमानतळ आला, साक्षरता ८५ टक्क्यांवर गेली. जिल्हा छोटा झाला की विकास होतो. म्हणून जळगावचे १५ तालुके फोडा आणि भुसावळ जिल्हा करा.

आता मी भुसावळच्या विरोधात नाही (माझी बहीण तिथेच दिली आहे, उगाच घरात भांडण नको). पण हे उदाहरण साफ चुकीचं आहे.

एकेक घ्या. कोकण रेल्वे जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली. ती काय ओरोसच्या (सिंधुदुर्गाचं मुख्यालय) कलेक्टरने आणली? कोकणचे खासदार नाथ पै या रेल्वेसाठी संसदेत ओरडत होते तेव्हा हा जिल्हाच नव्हता. पुढे मधु दंडवते १९७१ पासून राजापूर मतदारसंघातून निवडून जात राहिले, त्यात रत्नागिरीचाही भाग होता. रोहा ते मंगळूर लाईन टाकायची ठरल्यावर ती सिंधुदुर्गातून जाणारच होती, जिल्हा एक असो की दोन. शाळा त्याहून जुन्या. घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत नाहीतर ऑफिसात, त्याच्या मनीऑर्डरीवर गावाकडची पोरं शिकली. हे सगळं १९८१ च्या आधीचं. जिल्हा झाल्यावर गिरण्यांचं काय झालं? १९८२ चा संप. म्हणजे नवा जिल्हा वर्षाचा व्हायच्या आत त्याचं कमाईचं साधनच बुडालं.

आणि हा आकडा पोस्टवाल्याने सोयीने गाळलाय: २००१ ला सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८.६९ लाख होती, २०११ ला ८.५० लाख. कमी झाली! ज्या जिल्ह्यात विकास होतो तिथून माणसं निघून जातात का?

छोट्या जिल्ह्याचंच उदाहरण हवं तर सातशे किलोमीटर लांब कशाला जाता? १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार काढला. २०११ ची साक्षरता ६४ टक्के. बोला.

भुसावळ_यार्ड

सगळं बोललात, पण एक सांगा. जळगावला अकरा आमदार, सिंधुदुर्गाला तीन. तरी कोकणाचं नाव रोज पेपरात आणि आमचं फक्त उन्हाळ्यात, पारा ४६ ला गेला की. का? कारण त्यांचा जिल्हा त्यांचा आहे. जळगावात आपण पंधरातले एक. जंक्शन आमच्याकडे, दीपनगरचं वीज केंद्र आमच्याकडे, आयुध निर्माणी आमच्याकडे, आणि प्रत्येक शिक्क्यासाठी जळगाव.

गिरणेचा गाळ

जळगाव तुमच्यापासून पंचवीस किलोमीटर आहे हो. लोकलसारख्या गाड्या आहेत. शिक्क्याला जाऊन दुपारच्या जेवणाला घरी येता तुम्ही.

भुसावळ_यार्ड

मुक्ताईनगर, रावेरवाल्यांना विचारा दुपारच्या जेवणाचं.

केळीबाग_सावदा

रावेरचं नाव निघालं म्हणून बोलतो. जिल्हा भुसावळ करा, मुंबई करा, नाहीतर लंडन. माझा प्रश्न एवढाच: केळीच्या पीकविम्याला महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचा आकडा का लावता? माझ्या बागेत वाऱ्याने खोडं मोडून आडवी झाली आणि केंद्रावर वारा 'नॉर्मल'. केंद्र आहे गावठाणात, झाडांच्या आडोशाला. त्यातून उभी राहिली त्या बागेत सीएमव्ही (केळीचा विषाणूरोग) शिरला, उपटून बांधावर टाकली. जळगावच्या केळीला २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, त्या सर्टिफिकेटवर पाणी पिऊ का मी? आणि शेतकी विद्यापीठ कुठे, तर राहुरीला. पूर्ण खानदेशाला स्वतःचं कृषी विद्यापीठ नाही. कोकणाला दापोली १९७२ पासून आहे. वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र त्याच्याही आधीचं. तिथल्या काजूच्या जाती आज सगळीकडे लावतात. जिल्हा मागताय त्यापेक्षा विद्यापीठ मागा.

माहेर_कुडाळ

मी कुडाळची, सासर पाचोरा. दोन्हीकडचं खाल्लंय, भरीतही आणि बांगडाही, म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजते.

गिरणाकाठच्या भाऊंनी आमच्या जिल्ह्याचा इतिहास नाथ पैंपासून सुरू केला, ठीक. पण तो एकसंध कधी नव्हताच, हे कुणाला माहीत आहे का? सावंतवाडी संस्थान वेगळं होतं, ते स्वातंत्र्यानंतर विलीन झालं. मालवण, देवगड, वेंगुर्ला इंग्रजांकडे. वेंगुर्ल्यात डचांची वखार होती, आंबोली घाटातून बेळगावकडे माल चढायचा. मुरगाव बंदराला रेल्वे जोडली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार बसला. तेव्हापासून आमच्या माणसांनी बोट धरली ती मुंबईचीच. अशी तुटक माणसं रत्नागिरीच्या कचेरीत कामाला जायची तेव्हा दोन दिवस मोडायचे. माझे आजोबा जमिनीच्या एका दाव्यासाठी जात, रात्र एसटी स्टँडवर काढत. १९८१ नंतर सकाळी निघून संध्याकाळी परत. हा विकास नव्हे असं तुम्ही जळगावच्या सोसायटीत बसून कसं ठरवता?

आणि लोकसंख्येचं. माणसं गेली ती उपाशी म्हणून नव्हे, शिकली म्हणून. बारावी झालेला मुलगा भातशेतीत राहत नाही. तुमच्या पाचोऱ्यातला तरी कुठे राहतो? पुण्याला रोज रात्री किती ट्रॅव्हल्स सुटतात ते बघा.

बँकवाला_अमळनेर

ताईंचं अर्धं पटलं. मी कणकवलीला नोकरी केलेली आहे. बँकेत डिपॉझिट भरपूर, कर्ज मागायला कुणी नाही. अमळनेरला नेमकं उलटं. गणपतीत आणि मे महिन्यात गावं भरलेली, जूनमध्ये एका वाडीत दहा घरांपैकी सहांना कुलूप. आंबा-काजू वाढला तो १९९० च्या शंभर टक्के अनुदानाच्या फळबाग योजनेनंतर, आणि ती योजना आख्ख्या राज्याला होती, सिंधुदुर्गासाठी खास नव्हती. पर्यटन जिल्हा १९९७ ला जाहीर केला. जाहीर केला, एवढंच. तारकर्लीत लोकांनी स्वतःच्या घरात खोल्या काढल्या, माशाचं ताट लावलं, तेव्हा कुठे पर्यटन दिसायला लागलं.

दुखणं मोठं असलं की पेशंट जातो गोव्याला, बांबोळीला. जिल्हा होऊन चाळीस वर्षं लोक शेजारच्या राज्याच्या दवाखान्यावर विसंबून. माझ्या घरमालकाला छातीत कळ आली तेव्हा रात्री आम्ही गाडी काढली ती थेट पत्रादेवीची हद्द ओलांडून. तेव्हा ओरोसला कलेक्टर होता, एसपी होता, सीईओ होता. हृदयाचा डॉक्टर नव्हता.

चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, सव्वा वर्षात शेजारी गोव्यात मोपाचं विमानतळ उघडलं. पुढचं तुम्हीच समजा. आपल्या जळगावच्या विमानतळावरून तरी कोणती विमानं कधी उडतील, सांगता येतं का?

माहेर_कुडाळ

बांबोळीचं खरं आहे. त्यावर मी काही बोलणार नाही. पण पाचोऱ्याच्या पेशंटला पण नाशिक नाहीतर संभाजीनगरच गाठावं लागतं, हे लिहायचं राहिलं वाटतं तुमचं.

शहाद्याचा पोऱ्या

काय भो, नंदुरबारले इसरी गयात का? एक ओळ टाकली, '६४ टक्के, बोला', आणि पुढे निघाले. बोलतो.

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आमच्या टेंभलीत वाटलं. मोठमोठे लोक आले, फोटो निघाले. आमच्या जिल्ह्याची ओळख म्हणजे फोटो. कुपोषण आलं की फोटो, होळी आली की फोटो, सारंगखेड्याचे घोडे आले की फोटो.

पण जिल्हा होऊन काही झालं नाही हे धडगावात जाऊन बोला. धडगावचा माणूस १९९८ च्या आधी धुळ्याला जायचा. सातपुडा उतरायचा, तापी ओलांडायची, एक मुक्काम. आता वनहक्काचा दावा घ्या. २००६ चा कायदा. गावातून दावा उपविभागाकडे जातो, तिथून जिल्हा समितीकडे, तिचा अध्यक्ष कलेक्टर. अपील तिथेच. ती समिती धुळ्यात असती तर अक्कलकुव्याच्या डोंगरातला माणूस किती वेळा गेला असता? मी अशा दाव्यांच्या फायली लिहून देतो, पैसे घेत नाही, म्हणून सांगतो. तारखेला माणूस हजर राहू शकतो, हा फरक जिल्हा जवळ आल्याने पडला. सरदार सरोवरात गावं बुडाली त्या लोकांनीही मोर्चे नंदुरबारच्या कचेरीवर काढले, कारण ती पायी गाठता येते.

साक्षरतेचं तर सोडाच. सिंधुदुर्गाला आजोबांच्या मनीऑर्डरीने शिकवलं. आमच्या आजोबांकडे जमिनीचा कागदही नव्हता. दोघांना एकाच फूटपट्टीने मोजता?

गिरणेचा गाळ

धडगावचा मुद्दा वेगळा आहे. तिथे डोंगर आहे. भुसावळला कोणता डोंगर आडवा येतो? जळगावचा ट्रॅफिक?

चाळीसगावी

सगळे भुसावळ-भुसावळ करताय. या जिल्ह्यात जळगावपासून खरा लांबचा तालुका कोणता? चाळीसगाव. आम्हाला मालेगाव जवळ, धुळे जवळ, कन्नडचा घाट उतरला की आम्ही. धुळ्याची रेल्वे आमच्याकडून जाते. नवा जिल्हा द्यायचा तर चाळीसगाव, भडगाव, पाचोरा, पारोळा मिळून द्या.

माहेर_कुडाळ

पाचोरा? आम्हाला कुणी विचारलं?

भुसावळ_यार्ड

चाळीसगावात काय आहे, पाटणादेवी सोडून? तिथल्या भास्कराचार्यांचं गणित सांगून कलेक्टर ऑफिस मिळत नाही.

चाळीसगावी

आणि तुमच्याकडे काय आहे? प्लॅटफॉर्म. तोही मध्य रेल्वेचा. डीआरएम (रेल्वेचा विभागीय व्यवस्थापक) बसतो म्हणजे शहर झालं का? भुसावळात पाणी किती दिवसांनी येतं ते आधी सांगा.

भुसावळ_यार्ड

तापी उशाशी आहे आमच्या!

चाळीसगावी

तेच विचारतोय. तापी उशाशी, आणि नळाला?

केळीबाग_सावदा

मुख्यालय द्यायचं तर फैजपूरला द्या. काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन १९३६ ला आमच्या इथे झालं. नेहरू येऊ शकले तर कलेक्टर येईल. (आणि विमा? विम्याचं कुणी काहीच बोललं नाही.)

बँकवाला_अमळनेर

हीच तर गंमत. सिंधुदुर्गातही हेच भांडण झालं असणार. कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, एकाला दिलं की दुसरा रुसणार. म्हणून मधल्या ओरोसला हायवेच्या कडेला माळावर कचेऱ्या बांधल्या, नाव दिलं सिंधुदुर्गनगरी. साहेब लोक पाचला निघाले की तिथे चहा मिळायची मारामार. जिल्ह्याचा बाजार आजही कुडाळ-कणकवलीतच.

माहेर_कुडाळ

'झालं असणार' म्हणजे माहीत नाही, तरी ठोकून दिलंत. ओरोसला आता वस्ती आहे, कॉलेज आहे, शासकीय मेडिकल कॉलेजही आलंय. तुम्ही कधी होता तिथे? जमाना झाला असेल.

बँकवाला_अमळनेर

जमाना झाला, कबूल. चहा मिळत असेल आता.

पण खरा मुद्दा कुणी काढतच नाही. मागास भागांना निधीचा वाटा नीट मिळावा म्हणून १९९४ ला वैधानिक विकास मंडळं झाली. विदर्भाला एक, मराठवाड्याला एक, आणि राहिलेल्या सगळ्यांना मिळून 'उर्वरित महाराष्ट्र'. त्यात पुणे, कोल्हापूर, कोकण आणि आपण. धडगाव आणि कोथरूड एकाच पंगतीत! वाढपी कुणाच्या ताटापाशी थांबेल ते सांगायला नको. २०२० ला मुदत संपली, तेव्हा रडायलाही कुणी नव्हतं. कोकणवाले आणि खानदेशवाले एकत्र ओरडायला हवे होते, तर आपण इथे तुमचा जिल्हा चांगला की आमचा, हे करत बसलोय.

शहाद्याचा पोऱ्या

हे बरोबर. फक्त 'आपण' म्हणताना अमळनेरवाले नंदुरबारला धरतात का ते विचारून घ्या. १९०६ ला खानदेश फोडला तेव्हापासून पूर्ववाले पश्चिमवाल्यांना धाकटा भाऊ समजतात. विद्यापीठ जळगावला, विमानतळ जळगावला.

बँकवाला_अमळनेर

अहो, विद्यापीठाला आम्हीही अमळनेरहून जातोच ना.

शहाद्याचा पोऱ्या

तुम्ही तासाभरात जाता. तळोद्याची पोरगी मार्कशीट दुरुस्तीला निघते तेव्हा पहाटेची एसटी धरते आणि खिडकीवर 'उद्या या'. तिला उद्या कुठून येणार?

भुसावळ_यार्ड

म्हणजे शेवटी सगळे तेच म्हणताय, कचेरी जवळ हवी. मग माझं काय चुकलं?

गिरणेचा गाळ

तुमची पोस्ट 'कचेरी जवळ हवी' असं म्हणत नव्हती. ती म्हणत होती, जिल्हा केला की रेल्वे आणि विमान येतं. रेल्वे तुमच्याकडे इंग्रजांच्या काळापासून आहे, तिने काय दिवे लावले ते सांगा.

धडगावचं मान्य, शहाद्याच्या भाऊंनी फायलीच काढल्या म्हटल्यावर काय बोलणार. कुडाळच्या ताईंच्या आजोबांचंही मान्य. पण मुक्ताईनगर-रावेरसाठी महिन्यातून दोनदा तिथे कलेक्टरचा कॅम्प लावा, अपिलं तिथेच ऐका. नवी इमारत, नवे बंगले, नवा एसपी, नवी झेडपी उभी करायला जो पैसा जाईल त्यात पाडळशाच्या धरणाचं काम तरी पुढे सरकवा. त्या धरणाची वाट बघत एक पिढी म्हातारी झाली.

केळीबाग_सावदा

पाडळसे अमळनेरचं. आम्हाला त्याचं पाणी नाही.

चाळीसगावी

आम्हालाही नाही. आणि कॅम्प चाळीसगावला का नको?

गिरणेचा गाळ

चाळीसगाववाल्यांनी वेगळा धागा काढा.

भुसावळ_यार्ड

काढा, काढा. आम्ही तिथेही येऊ.