किशोरीताईंचा भूप

दुःखात करुण रागच जवळचे वाटतात, हे म्हणणं समजतं, पण माझा अनुभव उलटा आहे. बाबा अतिदक्षता विभागात होते तेव्हा मला गायिका किशोरी आमोणकरांच्या भूप रागानेच धरून ठेवलं. त्यात मध्यम-निषाद (म, नि) वर्ज्य, उरलेले पाचही स्वर शुद्ध, एकही कोमल नाही. रडवेपणाला जागाच नाही. रात्री बाहेरच्या बाकड्यावर एका कानात इअरफोन, दुसरा कान नर्सच्या हाकेसाठी मोकळा. 'प्रथम सूर साधे' ही बंदिश विलंबित, म्हणजे संथ लयीत, कसलीच घाई नाही. ताई गांधारावर (ग) थांबल्या की माझाही श्वास खोल जायचा. मग द्रुत, म्हणजे जलद लयीतलं 'सहेला रे' सुरू झालं की (कितीदा ऐकलं असेल!) डोळे भरायचेच, पण त्यात भीती नसायची. बाबा आता घरी आहेत. दिवेलागणीला आम्ही दोघं मिळून ऐकतो, दोन्ही कानांनी.