शब्दचर्चा: इंग्रजी एकवचनी नामाची षष्ठी, अपॉस्ट्रॉफी नक्की कुठे?

प्रश्न: ‘वडिलांचा चष्मा’ इंग्रजीत लिहिताना अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी की नंतर? आणि बॉस, जेम्स अशा शब्दांच्या शेवटी आधीच एस असतो, तिथे काय करायचं?

उत्तर: आधी. ‘वडिलांचा’ हे आपलं आदरार्थी बहुवचन, माणूस एकच. इंग्रजी नामाला असं आदराचं अनेकवचन नाही, म्हणून फादर’स. (एस या अक्षरासाठी इथे सरसकट ‘स’ लिहितोय, उच्चाराचं पुढे बघू.) फादरस’ लिहिलंत तर वडील एकाहून जास्त झाले!

मूळ एकवचनी शब्द जसाच्या तसा लिहायचा, मग अपॉस्ट्रॉफी, मग एस. घोडाचा ‘घोड्याचा’ होतो तसलं सामान्यरूप इथे नाही. चूक होते ती बेबी, लेडी, कंट्रीसारख्या शब्दांत. अनेकवचनात वाय जाऊन आय-ई-एस येतं, ते हातात बसलेलं असतं, मग षष्ठीतही वाय उडवला जातो. एका बाळाचं असेल तर बी-ए-बी-वाय, अपॉस्ट्रॉफी, एस. पुढचं नाम कुठल्याही लिंगाचं-वचनाचं असो, चा-ची-चे-च्या सगळ्यांना हा एकच प्रत्यय पुरतो.

दुसरं उत्तर: बॉस, बस, विटनेस ही सामान्यनामं, त्यांना बॉस’स असंच लिहावं. बोलतानाही ‘बॉसिझ’ असा जास्तीचा स्वर ऐकू येतो. वाद आहे तो विशेषनामांचा. शिकागो मॅन्युअल (अमेरिकेतलं पुस्तकांसाठीचं लेखननियमांचं पुस्तक) जेम्स’स लिहायला सांगतं, एपीची (असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची) शैली जेम्स’ एवढ्यावर थांबते. लंडनची बाग सेंट जेम्स’स पार्क आणि न्यूकॅसलचं फुटबॉल मैदान सेंट जेम्स’ पार्क, दोन्ही अधिकृत! परीक्षेला किंवा छापायला देताना समोरच्याची शैली विचारावी. तशी सक्ती नसेल तर मी जेम्स’स लिहीन, कारण उच्चारात ‘जेम्सिझ’ येतं. एकाच मजकुरात दोन्ही मात्र नकोत.

उच्चाराबद्दल: कॅट’स मध्ये स, डॉग’स मध्ये झ, जज’स मध्ये इझ. प, ट, क, फ नंतर स. स, झ, श, च, ज या ध्वनींनंतर इझ. बाकी बहुतेक ठिकाणी झ.

पुरवणी: सर्वनामांना हा नियम लावू नका. इट’स म्हणजे इट इज किंवा इट हॅज; ‘त्याचं’ या अर्थी इट्स, अपॉस्ट्रॉफीशिवाय. जोडशब्दात प्रत्यय अगदी शेवटी: मदर-इन-लॉ’स. (अनेकवचनाचा एस मात्र मदरला लागतो.) दोघांचं एकच घर असेल तर टॉम अँड मेरी’स हाउस, घरं वेगळी असतील तर दोघांनाही ’स.

प्रश्नकर्ता: मग ‘अ फ्रेंड ऑफ माय फादर’स’ मध्ये ऑफ आणि ’स दोन्ही कसे?

उत्तर: बरोबर आहे ते. वडिलांच्या मित्रांपैकी एक, असा अर्थ. मित्राच्या बाबतीत ’स गाळला तरी फारसं बिघडत नाही, चित्राच्या बाबतीत बिघडतं. ‘अ पोर्ट्रेट ऑफ माय फादर’ मध्ये चित्रात वडील दिसतात. ‘फादर’स’ केलंत की चित्र वडिलांच्या मालकीचं किंवा त्यांनी काढलेलं, आत चेहरा कुणाचाही असू शकतो.