अनुभव धागा : सीएफ आणि वाढलेलं वजन – नेमकं काय कमी करायचं?

निंबोणी (धागाकर्ती)

सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ) हा जन्मजात आजार : शरीरातले स्राव घट्ट होतात, फुप्फुसात कफ साठतो आणि बहुतेकांत स्वादुपिंडाचे पाचकरस आतड्यात पोचत नाहीत. तो असलेल्या माणसाच्या कानावर 'खा, अजून खा' हे जन्मापासून पडत असतं. त्याला कारणही तसंच होतं. फॅट पचत नाही म्हणून ते तोडायचं, अशी पूर्वी रीत होती. १९८८ साली टोरांटो आणि बोस्टनच्या रुग्णांची तुलना छापून आली. भरपूर फॅट आणि भरपूर एन्झाइम (पाचकरसांच्या कॅप्सूल) घेणारे टोरांटोचे रुग्ण वाढीत सरस होते आणि जास्त जगतही होते. मग पथ्यच उलटलं. सामान्य माणसाच्या दीडपट, कधी दुप्पट कॅलरी, त्यातल्या ३५ ते ४० टक्के फॅटमधून, असा आहार रूढ झाला.

पुढे अमेरिकेत २०१२ मध्ये आयव्हाकाफ्टर आलं आणि २०१९ मध्ये एलेक्साकाफ्टर-टेझाकाफ्टर-आयव्हाकाफ्टर हे तिहेरी औषध. ज्यांना ही मॉड्युलेटर औषधं (सीएफमधल्या बिघडलेल्या प्रथिनाचं काम सुधारणारी) लागू पडतात, त्यांचा खोकला आणि शरीरातला दाह कमी झाला, पचन सुधारलं, भूक वाढली. बसल्या जागी शरीर जी ऊर्जा खर्च करायचं तीही घटली. ताट मात्र जुन्याच हिशोबाचं राहिलं.

रुग्ण, घरचे, डायटिशियन, फिजिओ, ज्यांना यातलं बारकाईनं ठाऊक आहे त्यांनी लिहावं. किती किलो उतरले हे नको. काय मोजायचं, काय बदलायचं, कुठे फसतं ते सांगा. कुठल्याही औषधाचा डोस आपल्या सीएफ टीमला विचारल्याशिवाय हलवायचा नाही, हे गृहीत धरूनच सगळं वाचावं.

त्रैराशिक

आधी लक्ष्य कुठे आहे ते बघू. प्रौढांसाठी सीएफमध्ये बीएमआय बायकांनी निदान २२ आणि पुरुषांनी निदान २३ राखावा असं सांगतात. ही तळाची रेघ आहे. वरची रेघ सगळ्यांसारखीच, २५ च्या पुढे जास्त आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा. आशियाई वंशाच्या लोकांत मधुमेहाचा धोका २३ पासूनच वाढतो असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, म्हणजे आपल्यासारख्यांना दोन रेघांच्या मधे जागाच उरत नाही. म्हणून नुसत्या बीएमआयवर विसंबू नका, टेपनं कंबर मोजा. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली तर चरबी पोटावर साठते आहे.

तुटवडा लहान ठेवा. रोज २५० ते ५०० कॅलरी कमी म्हणजे आठवड्याला साधारण पाव ते अर्धा किलो. यापेक्षा घाई केली की चरबीबरोबर स्नायूही जातात.

पहिली कात्री पूरक पेयांना लावा. दीड कॅलरी प्रति मिली असलेली २०० मिलीची बाटली ३०० कॅलरींची असते. अशा दोन बाटल्या रोज घेणाऱ्याचं गणित जेवणाला हात न लावता सुटतं. पोटातल्या नळीतून रात्रीचं फीड चालू असेल तर तेही त्यातच धरा, फक्त टीमशी बोलून टप्प्याटप्प्यानं कमी करा. त्यानंतर वरून घातलेलं तेल, लोणी, साय. तेलाचा एक मोठा चमचा १४ ग्रॅम म्हणजे सुमारे १२० कॅलरी, आणि तो मोजून घालणारं कोणी नसतं. बाटलीतून थेट ओतणं बंद केलं तरी फरक पडतो. शेवटी गोड पेयं. जेवणाचा नंबर त्यानंतर लागतो.

वेळापत्रक

त्रैराशिक यांच्या हिशोबात एक मेख आहे. मॉड्युलेटरची गोळी फॅट असलेल्या खाण्याबरोबरच अंगी लागते. उपाशीपोटीच्या तुलनेत फॅटबरोबर घेतलं की आयव्हाकाफ्टर अडीच ते चार पट आणि एलेक्साकाफ्टर साधारण दुप्पट रक्तात पोचतं. वजन उतरवायच्या नादात सकाळी नुसतं फळ आणि साय काढलेलं दूध घेऊन गोळी गिळणारा माणूस औषधच अर्धं करून टाकतो. वजनकाट्यावर ते दिसत नाही, छातीत दिसतं.

यासाठी तळणीची गरज नाही. एखादं अंडं, पेलाभर पूर्ण दूध, चीजचा तुकडा किंवा मूठभर दाणे चालतात. थोडक्यात, दिवसातलं फॅट गोळीच्या दोन वेळांना राखून ठेवा आणि मधल्या खाण्यातून काढा. दोन डोसांत सुमारे १२ तासांचं अंतर असतं, त्यामुळे एक न्याहारीला आणि एक रात्रीच्या जेवणाला जमतो. 'हेल्दी' म्हणून ग्रेपफ्रूट आणत असाल तर ते या औषधांबरोबर चालत नाही.

दहाहजारी

एन्झाइमबद्दल. मॉड्युलेटर सुरू झालं म्हणून प्रौढाचं स्वादुपिंड सहसा परत कामाला लागत नाही, त्यामुळे एन्झाइम चालूच राहतात. पण फॅट कमी केलं तर संख्या बदलायला हवी, आणि इथे बहुतेकांचा गोंधळ होतो.

समजा टीमनं एका ग्रॅम फॅटला २,००० युनिट लायपेज (फॅट पचवणारं एन्झाइम) असं प्रमाण बांधून दिलंय आणि कॅप्सूल १०,००० युनिटची आहे. मग एक कॅप्सूल ५ ग्रॅम फॅट सांभाळते. ३० ग्रॅम फॅटच्या जेवणाला ६ लागायच्या, तेच जेवण २० ग्रॅमवर आणलं की ४. वर सांगितलेला तेलाचा मोठा चमचा एकटाच जवळजवळ ३ कॅप्सूल खातो. कमाल मर्यादा दर जेवणाला किलोमागे २,५०० आणि दिवसाला किलोमागे १०,००० युनिट. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ६ लाख. सतत त्याच्या वर गेलं तर मोठ्या आतड्याला इजा होऊन ते आकसण्याचा धोका असतो. वजन उतरलं की ही मर्यादाही खाली सरकते, हे लक्षात राहत नाही.

फळ, साखर, फळांचा रस, काळा चहा यांना एन्झाइम लागत नाहीत. बिस्किटांच्या जागी फळ आलं तर त्या वेळची कॅप्सूल गाळता येते. जेवण अर्ध्या तासापेक्षा लांबणार असेल तर निम्म्या सुरुवातीला, निम्म्या मधे.

आता स्पष्टच लिहितो. वजन उतरावं म्हणून मुद्दाम एन्झाइम न घेणारे लोक आहेत. उतरतंही, कारण खाल्लेलं फॅट तसंच बाहेर जातं. सोबत ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं जातात. न पचलेलं फॅट आतड्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं, मग मोकळं राहिलेलं ऑक्झलेट रक्तात शिरतं आणि मूतखडे होतात. आणि लहान आतड्याच्या शेवटी चिकट मळ तुंबून डिऑस होतो : पोटात उजवीकडे खाली दुखणं, फुगणं, उलट्या. ही इमर्जन्सी आहे, रेचक घेऊन घरी बसायचं प्रकरण नव्हे.

जाडाभरडा

वरच्याला पुरवणी. वजनासाठी चोथा वाढवा असं कोणीही सांगतं. सीएफमध्ये तो एकदम वाढवू नका. आठवड्याला एखादा पदार्थ बदला आणि पाणी त्याबरोबर वाढवा. कोरडा चोथा आणि कमी पाणी म्हणजे डिऑसला आमंत्रण.

मीठभाकर

मिठाचं वेगळं लिहायला हवं. घामातून मीठ जातं म्हणून खारवलेली पाकिटं खाण्याची सवय लागलेली असते. त्यात मिठापेक्षा तेलच जास्त. मिठात कॅलरी शून्य असतात, तेव्हा मीठ हवं असेल तर ते मोजून जेवणात घ्या किंवा ओआरएसमधून घ्या. साखरेच्या स्पोर्ट्स ड्रिंकच्या अर्ध्या लिटरमध्ये ३० ग्रॅमच्या आसपास साखर सहज असते.

मॉड्युलेटरवर घामातलं मीठ कमी होतं, पण प्रत्येकाचं सारखं नाही. वजन आणि वय वाढलं की रक्तदाबही चढू लागतो. म्हणून घरी रक्तदाब मोजून आकडे टीमला दाखवा आणि जादा मीठ किती ठेवायचं ते त्यावर ठरू दे. उन्हाळ्यात किंवा व्यायाम सुरू केल्यावर मनानंच बंद करू नका. पायात गोळे, डोकेदुखी, मळमळ, गळून जाणं ही मीठ-पाणी घटल्याची लक्षणं आहेत. पुष्कळजण त्याला 'डाएटचा अशक्तपणा' समजतात.

चार गोळ्या

इन्सुलिनवाल्यांसाठी. प्रौढांत ४० ते ५० टक्के लोकांना सीएफचा मधुमेह होतो. मूळ अडचण इन्सुलिन कमी बनण्याची आहे, त्यामुळे 'साखर सोडा, चाला' एवढ्यानं भागत नाही. उपचार इन्सुलिनच. मधुमेह नसेल तर दरवर्षी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तोंडी चाचणी करायची. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्तचाचणी) इथे खोटा दिलासा देऊ शकतं.

वजनाचा सापळा असा असतो : कर्बोदकं कमी केली, इन्सुलिन तेवढंच ठेवलं, शुगर पडली, ती सावरायला खाल्लं, दिवसाअखेर कॅलरी होत्या तेवढ्याच. समजा प्रमाण १५ ग्रॅम कर्बोदकांना १ युनिट इन्सुलिन असं आहे. ६० ग्रॅमच्या जेवणाला ४ युनिट लागायचे, ४५ ग्रॅमला ३. हे आधी बदलायचं, ताट नंतर. दोन जेवणांच्या मधे रोज शुगर पडत असेल तर लांब पल्ल्याचं इन्सुलिन जास्त होतंय का ते विचारा. मॉड्युलेटर सुरू झाल्यावर काहींची इन्सुलिनची गरजच घटते.

शुगर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज. ४ ग्रॅमच्या चार गोळ्या म्हणजे ६४ कॅलरी. १५ मिनिटांनी परत मोजा. चॉकलेट नको. त्यातल्या फॅटमुळे साखर उशिरा चढते, धीर सुटतो आणि अख्खा बार संपतो. शिवाय त्याला एन्झाइम लागतात, ग्लुकोजला लागत नाहीत.

अणुरेणू

वजन उतरवायच्या बाजारातल्या औषधांबद्दल दोन शब्द. ऑर्लिस्टॅट आतड्यातलं लायपेज बंद पाडतं. आपण कॅप्सूलमधून लायपेज घालतो. एकाच ताटावर दोन्ही म्हणजे एका हातानं नळ सोडायचा आणि दुसऱ्यानं तोटी दाबायची. वर जीवनसत्त्वांचं शोषण आणखी घटतं. नकोच.

सेमाग्लुटाइडसारखी भूक कमी करणारी इंजेक्शनं काही सीएफ केंद्रं विचारपूर्वक देतात, पण सीएफमधला त्यांचा अभ्यास अजून छोट्या गटांवरचाच आहे. ती जठर रिकामं व्हायला उशीर लावतात, आणि सीएफमध्ये जठर आधीच मंद असू शकतं. उलटी झाली की मॉड्युलेटर आणि एन्झाइम दोन्ही वाया. बद्धकोष्ठ आणि कमी पाणी यातून पुन्हा डिऑस. ज्यांचं स्वादुपिंड चालू आहे त्यांना पॅनक्रियाटायटिसचा (स्वादुपिंडाला सूज येण्याचा) इतिहास असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगा. पित्ताचे खडे असतील तर तेही. दुसऱ्याच्या प्रिस्क्रिप्शनवर हे प्रकरण सुरू करू नका.

फासळी (फिजिओ)

कॅलरीचं वर पुष्कळ आलंय. माझ्या मते निम्मा प्रश्न स्नायूंचा आहे. सीएफमध्ये फुप्फुसाची ताकद एकूण वजनापेक्षा चरबी सोडून उरलेल्या वजनाशी जास्त जुळते. बीएमआय ठीक आणि स्नायू कमी, असा माणूस काट्यावर निवांत दिसतो आणि जिन्यात धापा टाकतो. डेक्सा स्कॅन हाडांसाठी होतच असतो, त्याच वेळी शरीररचनेचाही अहवाल मिळेल का विचारा. तो नसेल तर हाताची पकड मोजणारं यंत्र चालतं.

आठवड्यात दोन ते तीन दिवस, एकाआड एक, वजनं किंवा रबरी पट्टा : ८ ते १२ वेळा, दोन-तीन फेऱ्या, शेवटच्या दोन जड जातील इतपत. प्रथिनं किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ६० किलोला ७२ ते ९०, तीन-चार खाण्यांत वाटून. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी विचारणं आलंच. चालणं, सायकल वगैरे हळूहळू आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत. श्वासनलिका पसरवणारा पंप दिलेला असेल तर तो व्यायामाच्या आधी. बोटावरचा ऑक्सिमीटर ९० च्या खाली जात असेल तर थांबून टीमला कळवा.

जिम म्हणजे कफ काढण्याच्या सत्राची सुट्टी, असा समज दिसतो. ते सत्र तसंच राहतं. नुकताच न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठणं) झालेल्यांनी, यकृताच्या आजारामुळे अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्यांनी विचारल्याशिवाय जड वजन उचलू नये. खोकताना-उचलताना लघवी गळत असेल तर लाजू नका, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आधी शिकून घ्या. आणि दोन सीएफवाल्यांनी एका खोलीत जोडीनं व्यायाम करू नये, जंतूंची देवाणघेवाण होते. जिमच्या गरम पाण्याच्या टबापासूनही लांब.

उंबरठा

घरच्यांसाठी एवढंच. वीस-तीस वर्षं 'संपव ते' म्हणणाऱ्या तोंडांनी एका आठवड्यात 'पुरे आता' म्हणायला लागू नये. ज्याच्या प्रत्येक तपासणीची सुरुवात काट्यावर झाली, त्याच्या डोक्यात अन्नाचं आधीच बरंच काही साठलेलं असतं. चोरून खाणं, जेवण टाळणं, एन्झाइम लपवणं दिसलं तर डायटिशियनइतकीच मानसोपचारतज्ज्ञाची गरज आहे. ताटावर भाष्य न करता तेलाचा चमचा बदलता येतो.

निंबोणी

फार उपयोगी माहिती आली. उंबरठा, तुमचं शेवटचं वाक्य घरी वाचून दाखवणार. एक राहिलं : थांबायचं कधी?

त्रैराशिक

छातीचा संसर्ग बळावला, ताप आला, शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं की तुटवडा त्याच दिवशी बंद, पूर्ण जेवण चालू. गरोदरपणात आणि त्याची तयारी असताना टीमशिवाय काहीही करू नये. बीएमआय २२-२३ च्या रेघेला टेकला की थांबा. आणि काही न करता वजन उतरत असेल तर खूश होऊ नका, आधी शुगर तपासा, मग कफ, मग एन्झाइम.

काटा आठवड्यातून एकदा, सकाळी, शौचानंतर, तशाच कपड्यांत. पोट तुंबलेलं असेल तर काटा जास्त दाखवतो आणि ते चरबीच्या खात्यात जमा होतं. आहार बदलल्यावर साधारण तीन महिन्यांनी ए, डी, ई आणि के साठी रक्त गोठण्याची चाचणी पुन्हा करून घ्या. मॉड्युलेटरवर ए कधी कधी जास्तही निघतं, म्हणून जीवनसत्त्वाची गोळी आपली आपण वाढवू नका.