नुसतं प्रतिजन पुरत नाही

जनावरांच्या गर्भनिरोधक लशीत प्रतिजन (ज्याच्याविरुद्ध शरीराने प्रतिपिंडं करायची तो पदार्थ) नीट निवडलं असेल, तर अ‍ॅडज्युवंटवर, म्हणजे लशीचा परिणाम वाढवणाऱ्या जोड-पदार्थावर, एवढा खल कशाला, असा प्रश्न आहे. माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. जीएनआरएच हे प्रजननाची यंत्रणा चालवणारं जनावराचं स्वतःचंच संप्रेरक, त्यामुळे प्रतिकारशक्ती त्याला परकं मानत नाही. म्हणून 'गोनाकॉन' या लशीमध्ये ते समुद्री गोगलगायीच्या एका मोठ्या प्रथिनाला जोडतात, आणि सोबत असतं 'अ‍ॅडज्युवॅक': तेल आणि त्यात मारलेले मायकोबॅक्टेरियम एव्हियम हे जिवाणू. ही धोक्याची घंटा वाजली की मगच प्रतिपिंडं भरपूर आणि दीर्घकाळ तयार होतात.

अमेरिकेतल्या असाटीग बेटावरच्या रानघोड्यांना डुकराच्या बीजांडापासून बनवलेली पीझेडपी ही गर्भनिरोधक लस 1988 मध्ये पहिल्यांदा दिली गेली. ती तयार करताना दोन सिरिंज तोंडाला तोंड जोडून लस आणि तेलकट अ‍ॅडज्युवंट शंभरेक वेळा इकडून तिकडे ढकलतात. पांढरं, दाट मिश्रण झालं की ते डार्टमध्ये, म्हणजे लांबून मारायच्या सुईच्या बाणात, भरायचं. घोडीला पकडावंही लागत नाही!

पण जोरदार अ‍ॅडज्युवंट म्हणजे सूज, गळू, जखम हेही आलंच. 'फ्रॉइंड्स कम्प्लीट' या मारलेले क्षयजंतू असलेल्या अ‍ॅडज्युवंटमुळे तर जनावराची क्षयचाचणीही खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. कुत्र्यांमध्ये गोनाकॉन टोचल्याची जागा सुजल्याचं दिसलेलं आहे. भटक्या कुत्र्यांसाठी अशी लस मलाही मनापासून हवी आहे, पण टोचल्यावर त्या मुक्या जिवाची जखम बघायला कोण जाणार? तिथे आधी सौम्य अ‍ॅडज्युवंटच शोधायला हवं.