मदत हवी आहे: भिंतीवर दिसलेली ही वाघाटीच आहे का? रविवारी पिंजरे लागणार आहेत (मुलुंड)

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. येत्या रविवारी आमच्या सोसायटीत नसबंदीसाठी भटकी मांजरं पकडायला पिंजरे लावणार आहेत आणि त्याआधी मला एका गोष्टीची खात्री करून हवीय: मागच्या भिंतीवर दिसलेली ती वाघाटी, म्हणजे ठिपक्यांची छोटीशी रानमांजर, आहे का.

आम्ही मुलुंड पश्चिमेला राहतो, बिल्डिंगच्या मागे कंपाउंड वॉल, पलीकडे थोडी झाडी आणि मग नॅशनल पार्कचा डोंगरच सुरू होतो. मंगळवारी रात्री दोनच्या सुमारास लेकीला पाणी द्यायला उठले तर किचनच्या खिडकीतून भिंतीवर काहीतरी हलताना दिसलं. आधी वाटलं वॉचमनकाका ज्या मांजरीला दूध घालतात तिचं पिल्लू असेल. पण ते पोट भिंतीला टेकवून सरकत होतं, आणि लाइटखाली पाल होती तिच्यावर एकदम झडप! पाल तोंडात धरून वळलं तेव्हा चेहरा नीट दिसला. डोळे केवढे मोठे! कपाळावरून मानेपर्यंत काळपट उभ्या रेघा, गालावर दोन-दोन गडद पट्टे, डोळ्यांच्या आतल्या कडेला पांढरी रेघ, अंग करडं आणि त्यावर गंजाच्या रंगाचे बारीक ठिपके ओळीने. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ मिळाला, त्यातले शेवटचे दहा सेकंद नुसती भिंत आहे.

सकाळी व्हिडिओ सासूबाईंना दाखवला, त्या जुन्नरकडच्या, त्यांनी बघताक्षणी "अगं ही तर वाघाटी" म्हटलं. मला वाघाटी म्हणजे आषाढात द्वादशीला करतात ती भाजीच माहीत होती. त्या म्हणाल्या ऊसतोडीला पाचटात हिची पिल्लं सापडायची आणि लोक बिबट्याची समजून घाबरायचे. तेव्हापासून मी मिळेल ते वाचतेय आणि खरंच सांगते, मुंबईत जन्म जाऊन मला या प्राण्याचा पत्ताच नव्हता. जगातल्या सगळ्यात लहान मांजरांपैकी एक, पूर्ण वाढलेली वाघाटी साधारण एक ते दीड किलोची, म्हणजे पाण्याची भरलेली लिटरची बाटली हातात धरा, तेवढीच! फक्त भारत, श्रीलंका आणि नेपाळमध्ये सापडते, नेपाळमध्ये तर २०१२ ला जंगलात लावलेल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात (कॅमेरा ट्रॅप) आली तेव्हा कळलं. तिला शास्त्रीय नाव १८३१ मध्येच मिळालं, तेही पाँडिचेरीकडून गेलेल्या नमुन्यावरून, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं नाव आहे आणि आपल्याला ओळख नाही. आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कात ती आहे, तिथे वाघाट्या पाळून प्रजननाचा प्रयत्नही झालाय. जेर्डन नावाच्या इंग्रज डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात हिचं पिल्लू पाळलं होतं, ते घराच्या छपरावर खारींमागे धावायचं आणि एकदा खोलीत चिंकाऱ्याचं पाडस आणलं तर या टीचभर जीवाने सरळ त्याची मानगूट धरली, मुश्किलीने सोडवावं लागलं. हे वाचल्यापासून माझ्या डोळ्यासमोरून ती पालीवरची झडप जात नाहीये.

आता माझी शंका. दिवसा भिंतीवर टेप लावून मोजलं, व्हिडिओत ती पाइपापासून गंजलेल्या खिळ्यापर्यंत पसरलेली दिसते, नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत जवळपास १६ इंच. वाघाटीच्या मापात हे बसतं. पण चार-पाच महिन्यांचं घरगुती पिल्लूही एवढंच असतं ना! म्हणून मी शेपटीवर अडलेय. आमच्याकडच्या पट्टेवाल्या मांजरांच्या शेपटीला गोल कडी आणि काळं टोक असतं, हिची शेपटी आखूड, अंगाच्या निम्मी असेल नसेल, आणि एकरंगी दिसते, कडी अजिबात नाहीत. ज्यांनी वाघाटी प्रत्यक्ष बघितलीय त्यांनी सांगा, एवढ्यावरून खात्रीने म्हणता येईल का? आणि बिबट मांजर (लेपर्ड कॅट, ही दुसरी ठिपकेवाली रानमांजर) असू शकतं का? ते घरच्या मांजराएवढं असतं आणि त्याच्या शेपटीवरही ठिपके असतात असं वाचलं, म्हणून मला तरी नाही वाटत, त्यात काही लोक त्यालाही वाघाटीच म्हणतात त्यामुळे नावावर जाऊ नका.

दुसरं, सोसायटीच्या ग्रुपवर एकाने "बिबट्याचं पिल्लू फिरतंय" असं टाकलंय आणि लोकांनी मुलांना खाली पाठवणं बंद केलंय. एवढ्या मापाचं बिबट्याचं पिल्लू धड चालतही नसतं, आईला सोडून रात्री भिंतीवर शिकार कुठून करणार, हे मी समजावतेय पण माझं कोण ऐकतंय. कुणी दोन ओळीत, सोप्या भाषेत लिहून दिलंत तर मी जशीच्या तशी ग्रुपवर टाकेन.

तिसरं आणि मुख्य म्हणजे पिंजरे. मी नसबंदीच्या विरोधात नाहीये, उलट ती व्हायलाच हवी, भटकी मांजरं वाढली तर त्यांचा वाघाटीशी संकर व्हायची भीती असते म्हणे. पण पिंजरे रात्रभर त्याच मागच्या भिंतीलगत ठेवणार आहेत, सुकी मासळी लावून. ती निशाचर, ती आधी शिरली तर? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये ती पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण, पण पकडायला येणाऱ्या पोरांना ठिपकेवालं पिल्लू म्हणजे ठिपकेवालं पिल्लूच. सेक्रेटरींना भेटले, ते म्हणाले "वहिनी, मांजर ते मांजर". वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन करणारच आहे, पण सांगताना नक्की काय काय सांगायचं, व्हिडिओ कुठे द्यायचा, कुणी आधी केलंय का? आणि पिंजरे फक्त दिवसा, गेटच्या बाजूला लावा असं सांगितलं तर चालेल की मागची बाजू पूर्ण मोकळीच ठेवायला लावू?

व्हिडिओ हवा असेल त्यांनी मेसेज करा, पाठवते. बिल्डिंगचं नाव मात्र इथे लिहीत नाही, कॅमेरे घेऊन लोक रात्री भिंतीपाशी जमायला नकोत. काल रात्री मी दीड ते तीन खिडकीत बसले होते, दिसली नाही, पण सकाळी भिंतीवर बेडकाचा एक पाय पडलेला होता.